ड्युटीवर राहून तक्रार कशी करायची: सांगली-मिरजेतल्या हॉस्पिटल स्टाफसाठी

आपल्याच संस्थेतला गैरप्रकार वर कळवणाऱ्या माणसाला पेपरात 'जागल्या' म्हणतात. जुन्या काळी गावात रात्रीचा पहारा द्यायचा तो जागल्या. वॉर्डात मात्र त्याला चुगलखोर म्हणतात, आणि तो कोण हे दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंत सगळ्यांना माहीत झालेलं असतं.

मी मिरजेतल्या एका खासगी हॉस्पिटलात अकरा वर्षं सिस्टर होते, शेवटची तीन वर्षं सर्जिकल वॉर्डची इन्चार्ज. महात्मा फुले या सरकारी मोफत उपचार योजनेतून ऑपरेशन मंजूर झालेल्या पेशंटकडून 'बाहेरचं मटेरियल' म्हणून रोख पैसे घेतले जायचे. पावती नाही, औषधाच्या पॅडवर आकडा लिहिलेली चिठ्ठी. मी ते वर कळवलं. पण आधी चुकीच्या ऑफिसला, मग चुकीच्या पद्धतीनं, आणि त्यात सात महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय. सिस्टर, ब्रदर, लॅब टेक्निशियन, फार्मसीवाले, बिलिंगची मुलं, वॉर्डातल्या मावशी-मामा, ज्युनिअर डॉक्टर, सगळ्यांना यातलं बरंचसं लागू पडेल.

## १. आधी ठरवा: आज थांबवायचंय की नोंदवायचंय?

मुदत संपलेलं इंजेक्शन ट्रेमध्ये दिसलं तर तक्रारअर्ज लिहीत बसू नका. ते बाजूला काढा, इन्चार्जला सांगा, नर्सिंग नोट्समध्ये वेळ टाकून लिहा. लैंगिक त्रास किंवा मारहाण असेल तर ११२. आजच्या आज पेशंटचं नुकसान होणार असेल तर ते थांबवणं आधी.

पुढच्या पायऱ्या महिनोन् महिने चालणाऱ्या गोष्टींसाठी आहेत: पैशाचे व्यवहार, खोट्या नोंदी, कचऱ्याची विल्हेवाट, न केलेल्या तपासण्यांची बिलं, डिग्री नसलेल्या माणसानं केलेले उपचार.

## २. तुमची स्वतःची सही कुठं कुठं आहे ते शोधा

हे कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

योजनेच्या पेशंटला डिस्चार्ज देताना फाइलीत एक समाधानपत्र लागतं. उपचार मोफत झाले, पैसे घेतले नाहीत, अशा अर्थाचं. जतहून आलेल्या एका म्हातारबाबांचा त्यावर अंगठा घेतला होता. अंगठा असला की खाली साक्षीदार लागतो, आणि साक्षीदार म्हणून सही होती माझी. त्यांच्या मुलानं दीड तासापूर्वी काउंटरवर पैसे मोजलेले मी पाहिले होते. गर्दीची वेळ, पाच डिस्चार्ज एकदम, योजनेच्या टेबलावरचा मुलगा गठ्ठा पुढं करतो आणि आपण सह्या करत सुटतो. तक्रारीनंतर मॅनेजमेंटनं पहिला कागद पुढं केला तो हाच. "सिस्टर, ही सही तुमचीच ना?"

तेव्हा तक्रारीच्या आधी एक संध्याकाळ घरी बसा आणि आठवून लिहून काढा: कुठल्या रजिस्टरवर, संमतीपत्रावर, इंडेंटवर (स्टोअरच्या मागणीपत्रावर), स्टॉकबुकात तुम्ही डोळे झाकून सही केलीय. मग दोन गोष्टी करा. आजपासून तशी सही बंद. 'वाचून करते, ठेवून जा' एवढं म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही. आणि जुन्या सह्यांची कबुली तक्रारीत तुम्हीच आधी द्या, समोरच्याला ती शोधायला लावू नका. फक्त त्याआधी वकिलाला दाखवा.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून अडू नका. विजयनगरला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथं मोफत वकील मिळतो. फोन करायचा तर १५१००. मला हे फार उशिरा कळलं.

## ३. नोकरीची कागदं घरी आणा

आपल्याकडं बरीच खासगी हॉस्पिटलं जॉइन होताना मूळ सर्टिफिकेटं ठेवून घेतात. तक्रार केल्यावर ती परत मागायला गेलात तर अडवणूक होणारच. पासपोर्टला लागतात म्हणा, बँकेला म्हणा, पण आधी हातात घ्या. घरी असायला हवं ते असं:

- दहावी-बारावी, जीएनएम किंवा पदवीची मूळ प्रमाणपत्रं आणि कौन्सिलचं रजिस्ट्रेशन
- नेमणूकपत्र, वाढीची पत्रं, ओळखपत्राची झेरॉक्स
- गेल्या वर्षभराच्या पगाराच्या स्लिपा. स्लिपा मिळत नसतील तर पासबुकातल्या नोंदी
- पीएफचा यूएएन नंबर आणि पासबुकाची प्रिंट
- ड्युटी चार्टचे फोटो (तुम्ही त्या दिवशी त्या वॉर्डात होता याचा पुरावा हाच)
- तुमच्या कामाचं कौतुक केलेलं एखादं पत्र असेल तर तेही. पुढं 'काम नीट नव्हतं' म्हणून काढतात, तेव्हा उपयोगी येतं.

## ४. डायरी लिहा, फाइल उचलू नका

साधी दोनशे पानी वही घ्या, पानांना नंबर घाला, निळ्या पेनानं रोज लिहा. तारीख, वेळ, आयपी नंबर (पेशंट भरती झाल्यावर मिळतो तो), काय पाहिलं, कोण हजर होतं. पेशंटचं नाव लिहू नका. नंबरावरून तपासणी अधिकारी फाइल काढू शकतो. गर्भपाताच्या आणि एचआयव्हीच्या पेशंटबाबत तर ओळख फोडणं हाच गुन्हा आहे. चांगल्या कामासाठी फोडली तरी.

मूळ केसपेपर घरी नेणं म्हणजे आपण होऊन चोरीच्या आरोपात अडकणं. आमच्यातल्या एका ब्रदरनं चार फाइली डब्याच्या पिशवीतून बाहेर काढल्या. तक्रार बाजूला राहिली आणि चर्चा त्या पिशवीचीच झाली.

सरळ मार्ग पेशंटकडून जातो. डॉक्टरांसाठीचे २००२ चे आचारनियम सांगतात की पेशंटनं किंवा त्याच्या माणसानं मागणी केली की ७२ तासांत कागदपत्रं द्यायला हवीत. अर्ज त्यांनीच करायचा, त्यांच्या सहीनं. पेशंटनं स्वतः तक्रार केली तर तिचं वजन आपल्या दहा पत्रांपेक्षा जास्त. पण वॉर्डात, ड्युटीवर, युनिफॉर्ममध्ये त्यांना भरीस घालू नका. डिस्चार्ज झाल्यावर त्यांनी आपण होऊन विचारलं तर नंबर सांगा.

त्याच नियमांत आणखी एक वाक्य आहे, ते ज्युनिअर डॉक्टरांनी पाठ करून ठेवावं: व्यवसायातल्या कुणाचं अप्रामाणिक किंवा अनैतिक वागणं दिसलं तर डॉक्टरनं ते न भिता, कुणाची भीड न ठेवता उघड करावं. 'सिनिअरविरुद्ध बोलणं शिस्तीत बसत नाही' म्हणणाऱ्याला हे दाखवा.

व्हॉट्सॲपवरचे मेसेज पुरावा असतील तर स्क्रीनशॉटवर भागत नाही. चॅट एक्स्पोर्ट करा आणि तो हँडसेट विकू नका, रीसेट करू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि तेव्हा कुठल्या फोनवरून काढलं हा प्रश्न येतोच.

## ५. टेबल कुठलं?

माझी पहिली तक्रार सिव्हिलमध्ये गेली. सांगलीत मोठं सरकारी काहीही म्हटलं की आपण सिव्हिल म्हणतो आणि तिथंच जातो. पण सांगली आणि मिरजेची मोठी सरकारी रुग्णालयं मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेली आहेत. तिथं वर अधिष्ठाता, म्हणजे डीनसाहेब, आणि त्यांच्यावर वैद्यकीय शिक्षण खातं. खासगी दवाखान्याच्या योजनेतल्या पैशांशी त्यांचा काही संबंध नाही. माझा अर्ज तिथं दोन महिने पडून राहिला, यात त्यांची चूक नव्हती.

विषय आणि हॉस्पिटल कुठल्या हद्दीत आहे, यावरून टेबल ठरतं.

योजनेतल्या पेशंटकडून पैसे घेणं: टोल फ्री १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००, योजनेचे जिल्हा समन्वयक, आणि त्यांच्यावर मुंबईची राज्य आरोग्य हमी सोसायटी. हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) आधी सांगायचं की नाही, हे माणूस बघून ठरवा. मी सांगितलं नाही.

खासगी हॉस्पिटलचा परवाना, सोयी, दरपत्रक: सांगली, मिरज, कुपवाड महापालिका हद्दीत असेल तर पालिकेचे वैद्यकीय आरोग्य अधिकारी. हद्दीबाहेर असेल तर जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी या दोघांनाही एकेक प्रत द्या, म्हणजे एकमेकांकडं बोट दाखवायला जागा राहत नाही. आपल्या राज्यात यासाठी १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो. २०२१ मध्ये त्याच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि दर व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. तुमच्याकडं ती लावलीय का आणि कुंडीमागं लावलीय का, तेही पाहून ठेवा.

सरकारी रुग्णालयातली गोष्ट: प्राथमिक आरोग्य केंद्र असेल तर जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी. जत, आटपाडी, विटा अशी ग्रामीण रुग्णालयं असतील तर जिल्हा शल्यचिकित्सक. त्यांच्यावर कोल्हापूरचे आरोग्य उपसंचालक. साताऱ्याच्या वाचकांनी इथं सांभाळा, तुमचं परिमंडळ पुणे आहे.

लाच मागणं (सरकारी नोकर असेल तर): लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, १०६४. बळजबरीनं लाच द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत कळवा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर नुसतं देणंही गुन्हा आहे, आणि या सात दिवसांत कळवलं तरच देणारा सुटतो.

गर्भलिंग तपासणी: जिल्हा शल्यचिकित्सक किंवा पालिकेचे समुचित प्राधिकारी. टोल फ्री १८०० २३३ ४४७५. खबर खरी निघून खटला उभा राहिला तर राज्याच्या खबऱ्या योजनेत एक लाखाचं बक्षीस आहे. आपल्या जिल्ह्यात हा विषय नुसता कागदावरचा नाही. मार्च २०१७ मध्ये म्हैसाळला एका बाईचा गर्भपातानंतर मृत्यू झाला, तपास सुरू झाला आणि ओढ्याच्या कडेला पुरलेली १९ भ्रूणं सापडली. त्या दवाखान्यात काम करणारे लोक होते, ये-जा करणारे होते. प्राधिकाऱ्यांनी काहीच केलं नाही तर १५ दिवसांची नोटीस देऊन कुणीही नागरिक थेट कोर्टात जाऊ शकतो, ही तरतूद याच कायद्यात आहे.

जैववैद्यकीय कचरा: प्रदूषण नियंत्रण मंडळ, सांगलीचं उपप्रादेशिक कार्यालय विश्रामबागच्या उद्योग भवनात. पिवळी आणि लाल पिशवी, काचेचा निळा डबा आणि सुयांचा पांढरा डबा यात घोळ असेल किंवा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त पडून राहत असेल तर इथं.

औषधं: अन्न व औषध प्रशासन, १८०० २२२ ३६५.

डॉक्टरचं वैद्यकीय गैरवर्तन: महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, मुंबई. अर्ज प्रतिज्ञापत्रासह.

एका गोष्टीसाठी एकच मुख्य टेबल धरा. मुख्यमंत्र्यांपासून ग्रामपंचायतीपर्यंत चौदा प्रती टाकल्या की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय.

## ६. अर्ज दोन पानांत, एका परिच्छेदात एक घटना

माझ्या पहिल्या अर्जाची सुरुवात अशी होती: 'सदर रुग्णालयात मोठ्या प्रमाणावर गरिबांची लूट चालू असून…' पुढं तीन पानं राग. वाचणाऱ्या साहेबांनी समजुतीच्या स्वरात विचारलं, "मॅडम, यातलं मी काय तपासू?"

दुसऱ्या वेळी असं लिहिलं: 'दि. १२ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास आयपी क्रमांक अमुक या योजनेत मंजूर रुग्णाच्या मुलाकडून बिलिंग काउंटरवर १८,५०० रुपये रोख घेतले. पावती दिली नाही. मी काउंटरपासून चार फुटांवर होते. त्या दिवशीचे काउंटरचे सीसीटीव्ही चित्रण व योजनेच्या पोर्टलवरील क्लेम तपासावा.' अशा सहा घटना, सहा परिच्छेद.

स्वतः पाहिलेलं वेगळं लिहा, ऐकलेलं वेगळं. आणि शेवटी काय तपासायचं ते तुम्हीच सांगा: कुठलं रजिस्टर, कुठली तारीख, कुठला कॅमेरा. सीसीटीव्हीवर जुनं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून ती मागणी पहिल्या परिच्छेदात.

## ७. नाव द्यायचं का?

निनावी पत्र बहुतेक वेळा दप्तरी दाखल होतं, म्हणजे फाइलीला लागून संपतं. आकडे आणि नंबर असलेलं निनावी पत्र कधीकधी हलतं. त्यावर भरवसा ठेवू नका.

कायद्याचं संरक्षण? जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ साली झाला, ९ मे २०१४ ला राष्ट्रपतींची सही झाली, आणि तो अजून लागू केलेला नाही. लागू झाला तरी तो सरकारी नोकरांच्या भ्रष्टाचारापुरता. केंद्र सरकारच्या संस्थांसाठी, उदाहरणार्थ रेल्वेच्या रुग्णालयातल्या गोष्टींसाठी, २००४ च्या ठरावानुसार केंद्रीय दक्षता आयोगाकडं बंद पाकिटातून तक्रार करता येते आणि नाव गुप्त ठेवणं आयोगावर बंधनकारक आहे. हा ठराव आला तो सत्येंद्र दुबे या अभियंत्याच्या खुनानंतर. महामार्गाच्या कामातल्या गैरव्यवहाराचं पत्र त्यांनी थेट पंतप्रधान कार्यालयाला पाठवलं होतं, नाव गुप्त ठेवा अशी विनंतीही केली होती. पत्र नावासकट टेबलाटेबलावर फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांना गोळ्या घातल्या.

आपल्या जिल्ह्यातही पत्रं अशीच फिरतात, एवढं डोक्यात ठेवा. ऑफिस हॉस्पिटलकडून खुलासा मागवतं आणि मागवताना तुमच्या अर्जाची झेरॉक्स जोडून देतं. कुणाच्या मनात वाईट नसतं, क्लार्कची ती सवय असते. म्हणून अर्ज दोन कागदांत करा. घटनांच्या पानांवर नाव, हस्ताक्षर, पद काही नको. टाइप करून घ्या, आणि 'मी चार फुटांवर होते' असली वाक्यंही इथून काढून घ्या. दुसऱ्या कागदावर नाव, पत्ता, सही, प्रत्यक्ष पाहिल्याचा तपशील आणि ठळक ओळ: 'तक्रारदाराची ओळख गोपनीय ठेवावी, हा कागद संबंधित संस्थेस पाठवू नये.' दुसरा कागद वेगळ्या बंद पाकिटात. आणि टायपिंग हॉस्पिटलसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडं नको, तो तुमच्या मॅनेजरलाही ओळखतो. मी माधवनगरला गेले.

बदनामीच्या खटल्याची धमकी येईल. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये अपवाद आहे: अधिकार असलेल्या व्यक्तीकडं सद्भावनेनं केलेली तक्रार बदनामी ठरत नाही. तोच मजकूर स्टेटसला टाकलात की हे कवच गेलं. सरकारी नोकरीत असाल तर पेपरवाल्यांकडं जाणं वर्तणूक नियमांतही अडकतं.

## ८. पोच घेतल्याशिवाय जिना उतरू नका

अर्जाच्या दोन प्रती. दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का, सही. 'साहेब मीटिंगला गेलेत, ठेवून जा' म्हणाले तर ठेवू नका. आवक-जावकच्या टेबलाला साहेब लागत नाहीत. तरीही घेईनात तर स्पीड पोस्ट आणि पावतीची झेरॉक्स, कारण ती शाई दोन महिन्यांत उडते.

## ९. नंतरचे दिवस

पहिला आठवडा काही होत नाही. मग ड्युटी बदलते. मला सलग नाइट लागल्या, मग इन्चार्जपद गेलं, मग एका दुपारी मेट्रनच्या केबिनमध्ये कोरा कागद आणि पेन पुढं आलं. राजीनामा लिहून द्या, सगळं सन्मानानं मिटेल.

लिहू नका. 'विचार करून सांगते' म्हणून उठा. राजीनामा आपल्या हातानं लिहिला की तुम्हाला काढलं हे सिद्ध करणं फार अवघड होतं. काढायचं असेल तर त्यांनी लेखी काढावं. मेमो आला तर मुदतीत, लेखी, थंड शब्दांत उत्तर द्या आणि त्याचीही पोच घ्या. काढलंच तर त्याच आठवड्यात वकील गाठा. कामगार न्यायालयातल्या तक्रारींना मुदती असतात, आणि नवीन कामगार संहितांनंतर कुठलं कलम कुठं लागतं हे वकिलानंच पाहावं.

घरच्यांना आधी सांगून ठेवा. माझ्या सासूबाईंना बाहेरून कळलं. आठवडाभर जेवताना कुणी बोललं नाही.

## १०. महिना झाला, उत्तर नाही

माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. एवढंच मागा: 'आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपण्या, पत्रव्यवहार व तपासणी अहवालाच्या प्रती.' का हवंय ते लिहायची गरज नाही. अर्जावर तुमचं नाव-पत्ता येतो, म्हणून गुप्त राहायचं असेल तर विश्वासातल्या माणसाला करू द्या. खासगी हॉस्पिटलला थेट माहिती मागता येत नाही, पण पालिकेकडं त्याच्या तपासणीची जी कागदं आहेत ती मिळू शकतात.

लोकशाही दिन हाही एक मार्ग आहे, महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात. अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. तुमच्या बदलीचं, पगाराचं रडगाणं तिथं घेत नाहीत, फक्त मूळ विषय मांडा.

माहिती अर्जाला ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प. त्यानंतर दुसरं अपील, राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं. माझं काम पहिल्या अपिलावरच झालं. सुनावणीच्या आदल्या दिवशी ऑफिसातून फोन आला, "मॅडम, तुमची कागदं तयार आहेत, येऊन घेऊन जा." सदतीस पानं होती. पंधराव्या पानावर तपासणी पथकानं जतच्या त्या बाबांच्या मुलाचा जबाब घेतला होता, आणि त्यानं ती औषधाच्या पॅडवरची चिठ्ठी जपून ठेवली होती.